खिशातला लॉकबॅक चाकू: पाते कार्बनचे घ्यावे की स्टेनलेसचे?

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना माझ्या चाकूने दगा दिला. केवणीच्या सालीचा ओला दोर सोडवण्यासाठी मी पात्याचे टोक दोराच्या पिळात घातले, पाठीकडून जरा जोर दिला, आणि कुलपात घट्ट अडकलेले असायला हवे होते ते पाते सरळ मिटून माझ्या तर्जनीवर आले. जखम खोल नव्हती, हळद दाबून भागले. पण कोडे मात्र राहिले. साध्या कार्बन पोलादाचे ते पाते मी सबंध पावसाळाभर दर वापरानंतर पुसले होते, त्यावर खोबरेलाचे बोट फिरवले होते, आणि त्यावर गंजाचा एक ठिपकाही नव्हता. शेवटी सांध्यात शिवणयंत्राचे तेल सोडून पाते दहा-बारा वेळा उघडमिट केले, तेव्हा पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेतून तांबूस, दाट गाळ बाहेर आला. त्यात गंज होता, खिशातल्या धाग्यांचा चुरा होता, आणि मे महिन्यात कापलेल्या फणसाचा वाळलेला चीकही होता.

मी जे दिसत होते तेवढेच जपले होते. घडीच्या चाकूत ज्याच्यावर बोटांची सुरक्षितता अवलंबून असते तो भाग मुठीच्या आत, पुसण्याच्या आवाक्याबाहेर असतो, आणि कार्बन की स्टेनलेस हा प्रश्न गोव्यात सोडवायचा असेल तर तो पात्यापासून नव्हे, त्या आतल्या भागापासून सोडवायला सुरुवात करावी, असे तेव्हापासून माझे मत झाले आहे.

लॉकबॅक म्हणजे ज्याचे पाते उघडल्यावर पाठीकडून अडकून राहते असा घडीचा चाकू. मुठीच्या पाठीवर लांबीच्या दिशेने एक पोलादी पट्टी असते आणि ती मधोमध एका खिळ्यावर, तराजूच्या दांडीसारखी, किंचित वरखाली होऊ शकते. तिच्या मागच्या टोकाखाली स्प्रिंग असते. स्प्रिंग मागचे टोक वर रेटते, त्यामुळे पुढचे टोक खाली दबते. त्या पुढच्या टोकाला एक दात काढलेला असतो, आणि पात्याचे जे बूड मुठीच्या आत फिरते त्यावर त्या दाताच्या मापाची खाच असते. पाते पूर्ण उघडले की दात खाचेत पडतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. मिटायचे असेल तेव्हा पट्टीचे मागचे टोक अंगठ्याने दाबायचे, म्हणजे पुढचा दात उचलला जातो आणि पाते मोकळे होते. चाकू मिटलेला असताना हाच दात पात्याच्या बुडावर दाब ठेवतो, म्हणून पाते खिशात आपोआप उघडत नाही.

यात रामपुरीसारखे काही नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कारण घडीचा चाकू म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांपुढे चित्रपटातला खलनायक उभा राहतो. कळ दाबताच पाते उसळून बाहेर येणारा चाकू वेगळा आणि नखाने किंवा अंगठ्याने सावकाश उघडायचा लॉकबॅक वेगळा. साध्या, कुलूप नसलेल्या घडीच्या चाकूत स्प्रिंगचा केवळ दाब असतो, अडकण काहीच नसते. टोकाने काही टोचायला गेलो की तो मिटू शकतो. फ्रान्समधल्या साव्होयात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलने केलेला लाकडी मुठीचा चाकू आज आपल्याकडेही मागवता येतो आणि तो कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही पोलादांत मिळतो, पण तो लॉकबॅक नव्हे. त्याला १९५५ पासून फिरवून अडकवायचे कडे आहे. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

लॉकबॅकला आजची लोकप्रियता मिळवून दिली ती अमेरिकेतल्या बक या कारखान्याच्या ११० क्रमांकाच्या चाकूने, १९६४ साली. पण त्याचे पाते सुमारे साडेनऊ सेंटिमीटरचे आणि वजन जवळपास २०० ग्रॅम. तो पट्ट्याला म्यानात लटकवायचा चाकू आहे, खिशातला नव्हे. आंबा कापणे, दोर तोडणे, पोत्याची शिवण उसवणे, नारळाच्या शेंड्या साफ करणे, एवढ्या कामांसाठी ५ ते साडेसात सेंटिमीटरचे पाते पुरते. सदऱ्याच्या किंवा पँटच्या खिशात शंभर ग्रॅमपेक्षा जड वस्तू दिवसभर वागवणे कोणालाही जमत नाही. आठवड्याभरात ती घरी राहू लागते. पात्याची जाडीही पाहावी. तीन मिलिमीटर जाडीचे पाते मजबूत वाटते, पण हापूस असो वा मानकुराद, आंबा त्याने कापला जात नाही, पाचर मारल्यासारखा फाटतो. फळासाठी दोन मिलिमीटरच्या आसपासचे पाते उत्तम.

आता पोलादाकडे येऊ. पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात थोडासा कार्बन. ज्याला चाकूच्या बाजारात ‘कार्बन स्टील’ म्हणतात त्यात याखेरीज फारसे काही नसते. १०९५ या नावाच्या पोलादात आकड्यातच त्याची कुंडली असते: पहिले ‘१०’ म्हणजे साधे कार्बन पोलाद आणि पुढचे ‘९५’ म्हणजे सुमारे ०.९५ टक्के कार्बन. एक टक्क्याहूनही कमी असलेला हा घटकच पोलादाला ‘पाणी’ धरायला लावतो. पाते सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. आपले लोहार याला ‘पाणी देणे’ म्हणतात, आणि चाकू विकत घेणाऱ्याने एक गोष्ट मनाशी धरावी की पोलादाच्या नावाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व या पाण्याला आहे. उत्तम पोलादाला वाईट पाणी दिले तर ते पाते साध्या पोलादाच्या नीट पाणी दिलेल्या पात्यापुढे टिकत नाही.

स्टेनलेसमध्ये याच मिश्रणात क्रोमियम घालतात, आणि तेही चिमूटभर नव्हे: व्याख्येनुसार किमान साडेदहा टक्के, चाकूच्या पोलादात सहसा १३ ते १७ टक्के. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधताना असे मिश्रण केले आणि त्याचा उपयोग पुढे सुऱ्या-चाकूंना झाला. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर एक पातळ पापुद्रा धरतो. तो काही नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांइतका असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळाला की तो स्वतःहून पुन्हा भरून येतो. ‘ऑक्सिजन मिळाला की’ ही अट लक्षात ठेवावी, कारण लॉकबॅकमध्ये नेमकी तीच मोडते.

त्याआधी एक गैरसमज. घरातला स्टीलचा डबा चाळीस वर्षे गंजत नाही, मग ‘स्टेनलेस’ असे ठसठशीत कोरलेला चाकू एका पावसाळ्यात ठिपके कसे धरतो? उत्तर असे की ही दोन पोलादे नावापुरती भावंडे आहेत. डब्यातल्या उत्तम पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि कार्बन नाममात्र असतो. त्यामुळे ते गंजत नाही, पण त्याला पाणीही देता येत नाही, म्हणजे धार टिकत नाही. चाकूला धार टिकायला हवी म्हणून कार्बन वाढवावा लागतो, आणि हा कार्बन क्रोमियमशी लग्न लावून बसतो: दोघे मिळून क्रोमियम कार्बाइडचे कठीण कण तयार करतात. तेवढा क्रोमियम पापुद्रा धरायला उरत नाही. ४४० सी या पोलादात सुमारे १७ टक्के क्रोमियम असूनही ते १७ टक्क्यांच्या हिशोबाने गंजरोधक नसते ते यामुळेच. त्यात जवळपास एक टक्का कार्बन आहे आणि तो आपला वाटा घेतो. उलट ४२० एचसीमध्ये क्रोमियम १३ टक्केच, पण कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणून ते खाऱ्या हवेत अधिक शहाण्यासारखे वागते, धार मात्र लवकर उतरते. स्वीडनचे १२सी२७ या दोहोंच्या मधले आहे: सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम. माझ्या मते गोव्यातल्या खिशाला हे माप सर्वांत नेमके बसते.

चुंबकाची परीक्षाही इथे चालत नाही. भांडी घेताना आपण चुंबक लावून पाहतो आणि चिकटला तर नाक मुरडतो. चाकूच्या बाबतीत कार्बन आणि स्टेनलेस दोन्ही पात्यांना चुंबक चिकटतो, कारण पाणी दिलेले पोलाद, मग त्यात क्रोमियम असो वा नसो, चुंबकाला ओळखतेच. पात्याला चुंबक चिकटला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये.

आता आपली हवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातली चप्पलसुद्धा बुरशी धरते, आणि उरलेले आठ महिनेही समुद्रावरचा वारा सोबत मिठाचे सूक्ष्म तुषार आणतो. किनाऱ्यापासून दूर जावे तसा हा मिठाचा मारा कमी होतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या मिरामारला राहणारा आणि आतल्या भागातल्या वाळपईला राहणारा यांच्यासाठी एकच सल्ला बरोबर असेलच असे नाही. परंतु खिशात ठेवलेल्या चाकूला गंजायला समुद्र लागतच नाही. घामातले मीठ त्याला पुरते. मिठातला क्लोराइड हा स्टेनलेसच्या पापुद्र्याचा खरा शत्रू आहे. तो पापुद्र्याला सगळीकडून खात नाही, एखाद्या बिंदूवर भोक पाडतो आणि तिथून आत शिरतो. म्हणून स्टेनलेसवर गंज पसरत नाही, टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात. कार्बन पोलादाची तऱ्हा उलटी: ते सगळ्या अंगाने, लगेच आणि उघडपणे गंजते, त्यामुळे ते निदान वेळेवर सांगते तरी.

या दोन्ही तऱ्हा मोकळ्या पात्याच्या झाल्या. मुठीच्या आतल्या फटीत गोष्ट बदलते. पात्याचे बूड, दात, खाच आणि मधला खिळा यांच्यामध्ये केसाएवढ्या फटी असतात. तिथे शिरलेले पाणी वाळायला वेळ लावते, वाळताना त्यातले मीठ मागे राहून दाट होत जाते, आणि आत ऑक्सिजन नीट पोहोचत नाही. म्हणजे स्टेनलेसचा पापुद्रा जिथे भरून यायला हवा तिथेच त्याला हवा मिळत नाही. बाहेरून चकचकीत दिसणारा स्टेनलेसचा चाकूही म्हणूनच सांध्यात गंजू शकतो. फक्त कार्बनचा महिन्याभरात गंजेल तिथे स्टेनलेसचा काही वर्षे तग धरेल. आणि कार्बनच्या लॉकबॅकमध्ये बहुधा पट्टी आणि स्प्रिंगही कार्बन पोलादाचीच असते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो फुगतो; खाचेच्या तळाशी फुगलेल्या गंजाच्या थरामुळे दात पूर्ण खाली बसत नाही, अर्धाच अडकतो, आणि आपल्याला ‘टक्’ ऐकू आल्यासारखे वाटते. माझ्या तर्जनीचे तेच झाले.

यावरून माझा निर्णय असा: गोव्यात कुलपाचा चाकू घ्यायचा तर स्टेनलेसचा घ्यावा. कार्बन पोलादाची आवड असेल, आणि ती असावी, तर ती अशा चाकूत भागवावी ज्यात लपलेले कुलूप नाही: स्वयंपाकघरातली न मिटणारी सुरी किंवा बाहेरून कडे फिरवून अडकवायचा ओपिनेलसारखा चाकू, ज्याचे कडे तरी डोळ्यांपुढे असते. अर्थात ओपिनेलची लाकडी मूठ आपल्या पावसाळ्यात फुगते आणि पाते नखाने ओढून निघेनासे होते, तेव्हा तिथेही सुख पूर्ण नाही.

कार्बनची आवड का असावी, हे न सांगता पुढे जाणे अन्यायाचे होईल. त्याचा कण बारीक असतो, त्यात मोठे कठीण कार्बाइड फारसे नसतात, त्यामुळे साध्या दगडावर चार हात मारले की धार जागी होते. घरातली जुनी विळी आठवा: रोजच्या रोज पायरीच्या दगडावर पाते घासून आजी ज्या वेगाने भाजी चिरायची त्या वेगाने बाजारातली चकचकीत सुरी वर्षभरही चालत नाही. परंतु ‘स्टेनलेसला धारच लागत नाही’ हे जे म्हणतात ते आता खरे राहिलेले नाही. १९६० च्या दशकापासून दाढीची ब्लेड स्टेनलेसची होत आली आहेत, आणि गालावर चालणाऱ्या धारेबद्दल कोणी तक्रार करत नाही. दोष स्टेनलेसचा नसतो, स्वस्त चाकूला दिलेल्या कच्च्या पाण्याचा असतो.

कार्बनच्या पात्याचा दुसरा स्वभाव फळांशी भांडण्याचा. कैरी, लिंबू, भिरंड म्हणजे कोकमाचे फळ, काजूचे बोंडू, केळफूल, नीरफणस हे सगळे एकतर आंबट असतात, नाहीतर तुरट, आणि बोंडू तर दोन्ही. आंबटातले आम्ल लोखंड विरघळवते आणि तुरटातले टॅनिन त्या लोखंडाशी मिळून काळे रसायन बनवते. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करत, ती हीच क्रिया. आपण ती बोंडवाच्या फोडीवर करतो एवढेच. शिवाय आपण बोंडू मीठ लावून खातो, म्हणजे पात्याच्या दृष्टीने आम्ल, टॅनिन आणि क्लोराइड असा तिहेरी मारा. ही फोड काळपट होते आणि तिला किंचित लोखंडाची चव येते. आरोग्याला त्याने अपाय नाही, पण पाहुण्यापुढे ठेवण्यासारखी ती राहत नाही. महिन्या-दोन महिन्यांच्या वापराने पात्यावर राखाडी-निळा थर बसला की हा त्रास बराच उतरतो. तो थर गंज नव्हे, तो राहू द्यावा, घासून काढू नये. तांबडा दिसतो तो गंज, काळा-राखाडी दिसतो तो थर, एवढी ओळख पुरते. आणि ओले काजूगर काढण्यासाठी बी चिरली असेल तर पाते कोणतेही असो, साबणाने धुतल्याशिवाय त्याने फळ कापू नये. सालीतले ते तेल ओठ भाजते.

स्टेनलेसचा म्हणजे नेमका कोणता, हे दुकानात ठरवणे कठीण असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरताना पात्यावर नुसते ‘स्टेनलेस स्टील’ कोरलेले शंभर चाकू दिसतील. अशा कोरीव कामावरून काहीच कळत नाही. ‘सर्जिकल स्टील’ या शब्दांवरूनही कळत नाही, कारण त्या नावाचे एक ठरलेले पोलाद नाही. ज्या कारखान्याला आपल्या पोलादाचा अभिमान असतो तो त्याचे पूर्ण नाव लिहितो. ८सीआर१३एमओव्ही असे लिहिले असेल तर त्यात सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम आहे, मध्यम किमतीला चांगले पोलाद. ३सीआर१३ असेल तर कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गंजणार नाही पण धारही फार धरणार नाही. जपानचे व्हीजी-१० धार उत्तम धरते, मात्र एक टक्का कार्बनमुळे खाऱ्या हवेत त्याला पुसावे लागते. मासेमारीला होडीवर जाणाऱ्यासाठी एच-१ नावाचे पोलाद आहे. त्यात कार्बन अगदी नाममात्र असून ते समुद्राच्या पाण्यातही जवळपास गंजत नाही. धार थोडी लवकर जाते, पण जाळ्याच्या दोरीत बसलेला गंजका चाकू काय कामाचा?

कुलपाची परीक्षा मात्र आपल्या हातात आहे, आणि ती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पाते सावकाश उघडावे. शेवटच्या क्षणी आवाज स्पष्ट आणि एकच यावा, दोन टप्प्यांत येऊ नये. मग चाकू डोळ्यांच्या रेषेत धरून पाठीवरच्या पट्टीकडे पाहावे. उघडलेल्या स्थितीत पट्टी मुठीच्या पाठीशी समपातळीत बसली पाहिजे. पुढचे टोक उंच राहिले असेल तर दात पूर्ण खाली गेलेला नाही. नंतर पाते धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. वरखाली अगदी बारीक हालचाल बऱ्याच लॉकबॅकमध्ये असते आणि ती चालते, पण बाजूला हलणारे पाते म्हणजे सैल खिळा, आणि तो रिव्हेटचा असेल तर घरी घट्ट होत नाही. शेवटी बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण बाहेर ठेवून पात्याची पाठ घडी घातलेल्या पंचावर दाबावी, हळू सुरू करून जोर वाढवत न्यावा. कुलूप सुटले तर तो चाकू तिथेच परत ठेवावा. मूठ घट्ट आवळली असताना तळहाताने पट्टी नकळत दाबली जाते का, हेही तपासावे. काही कारखाने यासाठी पट्टीवर मुद्दाम एक खोलगट वाटी ठेवतात. मिटल्यावर पात्याचे टोक मुठीतून डोकावत नाही ना, हे पाहायला फक्त एक बोट फिरवावे लागते.

मुठीच्या आत दिसते का? शक्य असेल तर स्क्रूने जोडलेला चाकू निवडावा, रिव्हेटचा नको. स्क्रूची मूठ उघडून आतली पट्टी पुसता येते, आणि माझ्या मते आपल्या हवेत ही सोय पोलादाच्या नावापेक्षा मोठी आहे. मुठीच्या दोन्ही टोकांना पितळेची कड असलेले चाकू फार देखणे दिसतात. पण खारट ओलाव्यात पितळ आणि पोलाद एकमेकांना चिकटून राहिले की गंजण्याचे काम पोलादाच्या वाट्याला येते, आणि पितळेला कैरी-कोकमाचा रस लागला की ताक कळकते तसा वास त्याला येतो. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची मूठ दिसायला दरिद्री असते खरी, पण ती ना फुगते ना कळकते.

धारेविषयी थोडेच. सायकलच्या चाकावर सहाण फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे लहान पाते देऊ नये. कोरड्या चाकावर पाते घासताना टोकाशी ठिणग्या उडतात आणि पातळ टोक क्षणात तापते. ते निळे झाले की तिथले तापमान ३०० अंशांच्या घरात पोहोचले आणि पाणी उतरले असे समजावे. कार्बन पोलादाचे ते टोक पुन्हा धार धरत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड पाण्याने भिजवून घ्यावा. दोन सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून सात मिलिमीटर उचलली की सुमारे २० अंशांचा कोन होतो, स्टेनलेसला तो ठीक. पातळ कार्बनच्या पात्याला पाच मिलिमीटर, म्हणजे १५ अंश. एका बाजूने घासत राहावे, दुसऱ्या बाजूला धारेवर नखाला लागणारी बारीक कड वळून येईपर्यंत, मग बाजू बदलावी. मऊ स्टेनलेसची ही कड हट्टी असते, सहज तुटत नाही. जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलट ओढून ती काढावी लागते. टोमॅटोची साल दाब न देता कापली गेली की झाले.

कायद्याबद्दल शंका सर्वांनाच असते. शस्त्र नियमांच्या यादीत धारदार शस्त्रांसाठी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते ही मोजमापे दिली आहेत आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी केलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत; आपला चाकू तीन इंचांच्या आतला. तरीही निवडणुकीच्या किंवा जमावबंदीच्या काळात निघणारे आदेश वेगळे असतात, आणि विमानतळ दाबोळीचा असो वा मोपाचा, विमानात हातातल्या बॅगेत कोणताही चाकू चालत नाही. तो आदल्या रात्रीच मोठ्या बॅगेत टाकावा.

राहिली निगा. चामड्याच्या म्यानात चाकू साठवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना त्यात राहिलेले क्षार पोलादाला लागतात. सूर्यफूल किंवा शेंगदाण्याचे तेल सांध्यात सोडू नये, ते काही आठवड्यांत चिकट होऊन धूळ धरते. खोबरेल त्यामानाने बरेच दिवस तसेच राहते, पण सर्वांत चांगले ते औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन, कारण ते खराब होत नाही आणि फळाला लागले तरी हरकत नसते. फणसाचा चीक पाण्याने निघत नाही. आधी खोबरेलाने सोडवून मग साबणाने धुवावा, नाहीतर तो खाचेत जाऊन बसतो.

त्या चवथीनंतर मी बारा-सी-सत्तावीसचा, स्क्रूच्या नायलॉन मुठीचा, सहा सेंटिमीटरचा लॉकबॅक घेतला. जुना कार्बनचा चाकू सत्तरी तालुक्यातल्या मामेभावाने मागून नेला. त्याने त्याची पट्टी आणि स्प्रिंग काढून टाकली, पाते कुळागरातल्या सुपारीच्या लाकडाच्या मुठीत कायमचे ठोकले, आणि आता ते उत्तम चालते. माझा नवा चाकू मी दर रविवारी उघडून गोड्या पाण्यात बुडवतो, पाण्याखालीच पट्टी पाच-सहा वेळा दाबतो, उन्हात वाळवतो, आणि तेलाचा थेंब सोडण्याआधी कापूस गुंडाळलेली काडी खाचेत फिरवतो. काडी पांढरी आली तर तेल. तांबूस आली तर पुन्हा पाणी.